तारखेशेजारचा ठिपका

नानासाहेबांना गेल्या वर्षी पाणी समितीकडून शाल आणि नारळ मिळाला. गावच्या विहिरीचं पाणी वाढवल्याबद्दल. विहिरीचं पाणी वाढलेलं नव्हतं, आटत चाललं होतं. पण सभागृहात एकदा टाळ्या सुरू झाल्या की मधेच उठून “अहो, तसं नाही” म्हणणं अवघड असतं. नानासाहेब तरी म्हणाले होते. दोनदा. फोटोग्राफरला वाटलं ते विनय दाखवतायत, म्हणून त्याने त्यांना जरा डावीकडे सरकायला सांगितलं.

हे त्यांनी आमच्या दुकानात बसून सांगितलं, लॅपटॉपची पिशवी मांडीवर घट्ट धरून. मे महिना, सकाळचे साडेअकरा, खाली क्रांती चौक तापलेला. दुकान माझं आणि माझ्या मोठ्या बहिणीचं, तनुताईचं. बाहेर पाटीवर ‘सर्व प्रकारचे संगणक दुरुस्त होतील’ असं लिहिलंय. ‘सर्व प्रकारचे’ हे आमच्या वडिलांनी घालायला लावलं. त्यांच्या मते संगणकाचे दोनच प्रकार होते, चालणारे आणि आमच्याकडे येणारे.

“मग तुम्ही शाल घेतली?” मी विचारलं.

“घेतली नाय. अंगावर टाकली त्याहनी. मी काय करू, पळू?”

तनुताईने मला टेबलाखालून पाय मारला, कारण मी हसत होतो. मी हसणं थांबवलं आणि लॅपटॉप उघडला.

“आता बगा,” नानासाहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “मी रोज सकाळी सहाला विहिरीत दोर सोडतो. दोराला फुटाफुटावर गाठ हाय. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या तेवढं ह्या शीटमधी लिहायचं. अकरा वर्षांमागं पाडव्याला सुरू केलं, तव्हा पंचवीस गाठी जायच्या. मग तीस झाल्या. मग चाळीस. म्हंजी पाणी कुठं चाललं?”

“खाली.”

“आन् आलेखात रेघ कुठं चालली?”

मी स्क्रीनकडे पाहिलं. रेघ वर चालली होती. दर पावसाळ्यात जरा वाकायची आणि पुन्हा जोमाने चढायची. ज्याला गाठींचं गणित माहीत नाही त्याने ही रेघ पाहिली तर उठून उभा राहील आणि शालच शोधायला लागेल.

समितीने नेमकं तेच केलं होतं. त्या दिवसापासून नानासाहेबांचं गाव कागदोपत्री ‘पाण्यात स्वयंपूर्ण’ झालं आणि गावच्या ओढ्यावर होणारा बंधारा यादीतून गेला. गंगापूरच्या पुढे जीपने वीस मिनिटांवरचं गाव ते, तिथे एकच विहीर आणि तीही दरवर्षी खाली. वर्षभर अर्ज केल्यावर आता शेवटची सुनावणी होती, आजच, चार वाजता. समितीच्या पत्रात लिहिलं होतं, ‘अर्जदाराने मूळ फाईलमध्येच आलेख सुधारून छापील प्रतीसह हजर राहावे. नवीन फाईल ग्राह्य धरली जाणार नाही.’

“म्हंजी रेघ तेवढी उलटी करायची,” नानासाहेब म्हणाले. “पाणी खाली तर रेघ खाली. पण मी आलेखाला हात लावला की सगळं बंद पडतं. दोन म्हैने झाले. नुसतं बघत बसलो तर काय करत नाय. हात लावला की मरतं.”

“दोन मिनिटांचं काम आहे, नाना,” मी म्हणालो. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. हे वाक्य तनुताईने नंतर दिवसभर माझ्यासमोर वेगवेगळ्या चालीत म्हणून दाखवलं.

मी उभ्या अक्षावर दोनदा क्लिक केलं. खिडकी उघडायला लागली, पांढरी झाली, तिच्यावर एक गोल फिरला आणि अख्खा प्रोग्राम नाहीसा झाला. काही निरोप नाही, माफी नाही. मागे राहिला तो नानासाहेबांच्या बैलजोडीचा फोटो.

“ह्येच,” नानासाहेब समाधानाने म्हणाले. डॉक्टरसमोर नेमका खोकला यावा तसे.

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. मेला. प्रोग्रामला चिकटलेली सगळी जोडणी काढून तो मोकळाढाकळा उघडला. मेला. चित्रं काढण्याचं काम ग्राफिक्सच्या चिपकडून काढून घेतलं, म्हटलं तिचा काही राग असेल. मेला. प्रोग्राम काढून टाकला आणि नव्याने टाकला, त्यात पाऊण तास गेला, आणि या नव्याकोऱ्या प्रोग्रामने आलेखाला हात लावताच असा जीव सोडला की जणू जुन्याने जाताना त्याला सगळं समजावून सांगितलं होतं.

“केयूर, प्रिंटर बघ,” तनुताई म्हणाली.

“प्रिंटरचा काय संबंध?”

“पानाचं माप त्याला प्रिंटरकडून कळतं. प्रिंटर सापडला नाही की कधीकधी लटकतं. कॉलेजात शिकवलं होतं, तू त्या दिवशी कॅन्टीनमध्ये होतास.”

नानासाहेबांच्या लॅपटॉपला जो प्रिंटर लावलेला होता तो त्यांच्या सुनेच्या माहेरी, वैजापूरला होता. म्हणजे अकरा वर्षं हा लॅपटॉप रोज सकाळी वैजापूरच्या एका प्रिंटरला हाक मारत होता. मी तो बदलून आमचा लावला. मला खात्री होती. मी क्लिक करण्याआधी तनुताईकडे बघून मान तुकवलीसुद्धा.

मेला.

एक वाजला होता. नानासाहेबांनी पिशवीतून डबा काढला, आम्हाला भाकरी दिली आणि म्हणाले, “मी दोन माणसांना दाखवलं हुतं आधी. एक म्हनला व्हायरस हाय. दुसरा म्हनला नवा घ्या.”

“आम्ही तसं म्हणणार नाही,” मी म्हणालो. खरं तर मी तेच म्हणायच्या बेतात होतो.

मी पुन्हा फाईल उघडली आणि नुसताच बघत बसलो. डावीकडे तारीख, तिच्या शेजारी गाठी. ओळीखाली ओळ. प्रत्येक तारखेच्या आधी एक काळा ठिपका होता. सकाळीच मला तो दिसला होता आणि मी फडक्याने स्क्रीन पुसली होती. तो गेला नाही म्हणून मी स्पिरिट लावून पुसली होती. आत्ता मी खाली सरकलो तर ठिपकेही सरकले. स्क्रीनवरची धूळ सरकत नाही. एवढं मी तरी कॉलेजात शिकलोय.

“नाना, हे ठिपके कसले?”

“कसले ठिपके?”

मी शीट मोठी केली. दुप्पट. चौपट. ठिपक्याला कान फुटले. मी डोळे चोळले. मग त्याला सोंड आली.

तनुताईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

“व्हय की,” नानासाहेब म्हणाले. “बाप्पा हाय. आमच्या देवघरातला. फोटो काढून घातला. कुठलं बी लिहायचं तर आधी श्री नको का? वहीत लिहायचो तव्हा बी वर श्री काढायचो. हितं हातानं काढता येईना, मग फोटो घातला.”

“प्रत्येक दिवसाला?”

“दिवस रोजचा नवा असतो ना. कालची ओळ कॉपी करायची, खाली टाकायची, तारीख बदलायची, गाठी बदलायच्या. बाप्पा आपसूक येतो संगं.”

“आणि एवढा बारीक?”

“आधी मोठा हुता. तारीख झाकायचा. मग नातवानं बारीक करून दिला.”

नातवाने बारीक केला होता तो दिसायला. आत प्रत्येक फोटो भिंतीएवढाच होता. प्रोग्रामला आलेख नव्याने रंगवायचा तर शीटवरचं सगळं पुन्हा मोजावं लागायचं, आणि शीटवर किती आहेत हे बघायला मी चित्रांची यादी उघडली. यादी उघडायला चार मिनिटं लागली. मी शेवटचा आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि तनुताईला वाचायला लावला.

चार हजार एकाहत्तर.

खालच्या चौकातले हॉर्नसुद्धा दोन क्षण थांबल्यासारखे वाटले, पण ते सिग्नल लागल्यामुळे असेल.

“एक बी दिवस खाडा नाय,” नानासाहेब हळूच म्हणाले. “धाकट्या पोराच्या लग्नाच्या दिवशी बी दोर सोडला मी. मुंडावळ्या बांधायच्या आधी.” मग त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजी, बाप्पामुळं बंद पडतंय?”

“बाप्पामुळे नाही,” तनुताई घाईघाईने म्हणाली. “बाप्पांमुळे.”

“काढावे लागतील, नाना,” मी म्हणालो. “सगळे एकदम निवडता येतात. मग डिलीट.”

नानासाहेब खुर्चीतून उठले. लॅपटॉप त्यांनी माझ्या हाताखालून काढून स्वतःकडे ओढला. “डिलीट? देवाला?”

“फोटो आहे हो तो.”

“मग तुझ्या आईचा फोटो टाक गटारीत, फोटोच हाय म्हन.”

आईचा फोटो आमच्याच भिंतीवर होता आणि ती माझ्याकडेच बघत होती. आई घरी आहे, ठणठणीत आहे, फोटो तिने स्वतःच लावून घेतलाय, आम्हाला वचक राहावा म्हणून.

दोन वाजायला आले होते. नानासाहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. पत्र पुन्हा उघडून वाचलं आणि पुन्हा घडी घातली.

“गावात तीनशे माणूस हाय,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “त्याहनी मला सांगून धाडलं, नाना, या बारीला शाल घेऊन येऊ नका.”

तनुताई म्हणाली, “नाना, आपण गणपती कायमचा ठेवतो का? बसवतो आणि विसर्जन करतो. याचं विसर्जनच झालेलं नाही. चार हजार एकाहत्तर बसवले आणि एकही बोळवला नाही तुम्ही.”

नानासाहेब वळले. हा मुद्दा त्यांच्या मनात अकरा वर्षांत आला नव्हता हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. धक्का बसलेला माणूस मी पाहिलाय, पण स्वतःच्या हातून राहून गेलेल्या चार हजार विसर्जनांचा धक्का बसलेला माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

“अरे देवा,” ते म्हणाले, आणि लगेच स्क्रीनकडे बघून ओशाळले.

मग आम्ही विसर्जन केलं. काय सांगू. तनुताईने गल्ल्याच्या मागची उदबत्ती लावली. नानासाहेबांनी चपला काढल्या, मला काढायला लावल्या. अक्षता नव्हत्या, म्हणून खालच्या हॉटेलातून मूठभर तांदूळ आणले. हॉटेलवाल्याने कशाला पाहिजेत विचारलं. मी म्हणालो कॉम्प्युटर दुरुस्त करायचाय. त्याने तांदूळ दिले, पण त्यानंतर आमच्याकडे लॅपटॉप आणलेला नाही.

“एक ऱ्हाऊ द्यायचा,” नानासाहेबांनी अट घातली. “सगळ्यात वरचा. पाडव्याचा.”

“एक राहू दे. एकाचा त्रास नाही.”

मी सगळे निवडले, पहिला सोडला. नानासाहेबांनी हात जोडले. “उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची हलवायची असती.”

मी उजवीकडच्या बाणाची कळ दाबली. चार हजार सत्तर गणपती एक केसभर उजवीकडे सरकले. त्याला तीन मिनिटं लागली, प्रोग्राम पांढरा पडला, आम्ही तिघं अनवाणी उभे होतो, आणि मग तो शुद्धीवर आला.

“आता तुम्ही दाबा, नाना. तुमच्या हाताने.”

नानासाहेबांनी बोट पुढे नेलं आणि थांबले. “पाणी लागतं ना विसर्जनाला.”

तनुताईने जारमधून एक पेला भरून लॅपटॉपशेजारी ठेवला. नानासाहेबांनी पेल्याकडे बघितलं. “भरून कामून घेतला? अर्धा बी चालतो.” त्यांनी अर्धा परत जारमध्ये ओतला. मग डिलीट दाबलं.

“गणपती बाप्पा मोरया!” तनुताई ओरडली. “पुढच्या वर्षी…”

“गप!” मी तिच्या तोंडावर हात ठेवला. “पुढच्या वर्षी नको. पुढच्या वर्षी अजिबात नको.”

ठिपके गेले. तारखा अचानक स्वच्छ, उघड्या दिसायला लागल्या. नानासाहेबांनी डोळे पुसले आणि विचारलं, “आन् परत आणायचे झाले तर?”

“एक कळ दाबली की येतात.”

“सगळे?” ते हबकले. “विसर्जन माघारी घेता येतं?”

“इथे घेता येतं.”

त्यांनी लॅपटॉपकडे असं पाहिलं की जणू आता त्याच्यावर पूर्वीइतका भरवसा उरला नव्हता.

मी अक्षावर दोनदा क्लिक केलं. खिडकी उघडली. पांढरी झाली नाही. उघडीच राहिली. त्यात एक चौकोन होता, ‘आकडे उलट्या क्रमाने’. मी तिथे खूण केली आणि रेघ उलटली.

आडवी तारखांची ओळ वर गेली, जमिनीसारखी. तिच्याखाली रेघ उतरायला लागली. दर पावसाळ्यात जरा मान वर करायची आणि पुन्हा उतरायची, आधीपेक्षा खोल. सकाळी याच आलेखाची गोष्ट ऐकून मी हसलो होतो.

“खाली ऐंशी कामून दाखवतंय?” नानासाहेबांनी विचारलं.

“ते आपोआप घेतं.”

“बहात्तर कर. बहात्तरला खडक हाय. विहीर तिथं संपती.”

मी बहात्तर केलं. कागदाचा तळ वर आला आणि रेघेचं टोक त्याला जवळजवळ टेकलं.

“आज सकाळी किती होतं?” तनुताईने विचारलं.

“एकाहत्तर.”

मी विनोद शोधला. सापडला नाही. मी छापायचं बटण दाबलं.

सव्वातीन झाले होते. नानासाहेब म्हणाले, “तू चल संगं. तिथं बंद पडलं तर मी कुणाकडं बघू?” लॅपटॉपचं झाकण लावलं तर तो पुन्हा उठेल याची मला खात्री नव्हती, म्हणून माझ्या स्कूटरवर मागे बसून नानासाहेबांनी तो उघडाच छातीशी धरला, स्क्रीन बाहेरच्या बाजूला. क्रांती चौकाच्या सिग्नलला शेजारच्या मोटारसायकलवाल्याने वाकून आलेख पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

“चाचा, मार्केट इतना गिरा?”

“मार्केट नाय,” नानासाहेब म्हणाले. “विहीर.”

तो हिरवा सिग्नल पडला तरी तिथेच उभा होता.

समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब म्हणून होते, भले गृहस्थ, सकाळीच कुठल्याशा शाळेचा कार्यक्रम उरकून आलेले. सभागृहात एसी जोरात होता, म्हणून तिथे मिळालेली शाल त्यांनी अंगावर घट्ट लपेटून घेतली होती. नानासाहेबांना ओळखून ते मनापासून हसले. “या, जलयोद्धे! काय म्हणतंय पाणी?”

नानासाहेबांनी कागद पुढे ठेवला.

तात्यासाहेबांनी तो पाहिला. मग उलटा धरून पाहिला. मग परत सुलटा केला. “एका वर्षात एवढं कसं कोसळलं हो? गेल्या वर्षी तर वर होतं.”

“गेल्या वर्षी बी ह्येच हुतं, साहेब. काठापासून गाठी मोजतो मी. आकडा वाढला म्हंजी पाणी लांब गेलं. मी सांगत हुतो, तुमी टाळ्या वाजवत हुते.” त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. “टाळ्या वाजवल्या तो आकडा ह्यो. सदुसष्ट. ह्यो आजचा, एकाहत्तर. आन् ह्यो कागदाचा काठ, हितं खडक.”

पाच सदस्य होते. पाचही जण कागदावर वाकले आणि वाकलेलेच राहिले. एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. गेल्या वर्षी सगळ्यात आधी टाळी त्यांनीच वाजवली होती, हे नानासाहेबांनी मला नंतर सांगितलं.

“म्हणजे आम्ही,” तात्यासाहेब म्हणाले, “विहीर आटल्याबद्दल तुमचा सत्कार केला?”

“व्हय.”

“आणि बंधारा काढला?”

“व्हय. त्याच दिवशी.”

मग कोपऱ्यातले लेखनिक खाकरले. “साहेब, गाव परत यादीत घ्यायचं तर आधीचा ठराव रद्द करावा लागेल. त्यात सत्कारही आलाय. सत्कार रद्द म्हणजे शाल आणि नारळ परत जमा करून घ्यावा लागेल. नाहीतर ठराव पुढे सरकत नाही.”

मला वाटलं हा माणूस विनोद करतोय. तो करत नव्हता. मी त्याच्याकडे आदराने पाहिलं.

“शाल मी आमच्या गुरुजींना दिली, त्यांची बदली झाली तव्हा,” नानासाहेब म्हणाले. “शाल काय, घरात कोण ठेवतं? फिरती असती ती.”

“मग गुरुजींकडून आणा.”

“गुरुजी आता हितंच हायेत, शहरात. त्याहनी बी कुणाला तरी…” नानासाहेब बोलता बोलता थांबले. ते तात्यासाहेबांकडे एकटक बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. “साहेब, रागावू नका. डाव्या कोपऱ्याला जरा बघता का? उदबत्तीचं भोक हाय का, ज्वारीच्या दाण्याएवढं? माझ्याच हातनं पडलं हुतं.”

तात्यासाहेबांनी शालीचा डावा कोपरा पुढे घेतला, चाचपला. त्यांच्या करंगळीचं टोक पलीकडून बाहेर आलं. ते त्या टोकाकडे बघत राहिले. आम्ही सगळेच बघत राहिलो.

“जमा,” तात्यासाहेब म्हणाले. शाल काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि एसीत कुडकुडत बसले.

लेखनिकांनी लिहून घेतलं. “नारळ?”

“नारळाची चटणी झाली,” नानासाहेब खाली मान घालून म्हणाले. “पोरांनी त्याच दिवशी फोडला.”

“नारळाशिवाय पूर्ण होत नाही, साहेब.”

तात्यासाहेबांनी कागदावरच्या रेघेकडे एकदा पाहिलं. “लिहा,” ते म्हणाले, “अर्जदार बंधाऱ्याच्या भूमिपूजनाच्या वेळी नारळ जमा करील.”

लेखनिकांचं पेन थांबलं. “साहेब, मग आधी बंधारा मंजूर असं लिहावं लागेल.”

“मग आधी ते लिहा.”

पेन चालायला लागलं. नानासाहेब माझ्या कानाशी वाकले. दोन्ही हातांनी त्यांनी लॅपटॉप अजून उघडाच धरून ठेवला होता.

“केयूर,” त्यांनी विचारलं, “आता झाकण लावू का?”